दादाच्या हातची कप्पी

कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. पाठीमागे मात्र भट्टीवरची माणसं म्हणायची, "लोखंडाला आंघोळ घालणारी बाई." हे तिच्या कानावर गेलं होतं आणि तिला त्याचा राग नव्हता, कारण काम तसंच होतं. बिडाची ओतीव वस्तू आधी काट्यावर ठेवायची आणि वजन लिहायचं. मग तोटीपर्यंत पाणी भरलेल्या पिंपात ती दोरीने अलगद सोडायची. तोटीतून जेवढं पाणी बाहेर सांडेल, तेवढं त्या वस्तूचं आकारमान. वजनाला त्याने भागलं की घनता. त्यांच्या बिडाची घनता सात पूर्णांक दोनच्या आसपास यायची. बरीच कमी आली, तर वस्तूच्या पोटात कुठेतरी पोकळी आहे असं समजायचं.

बावीस वर्षं ती हेच करत होती, आणि तिला इथवर आणलं होतं दादाने. वडील गेले तेव्हा ती सहावीत होती, दादा सतरा वर्षांचा. तो सरळ भट्टीवर लागला. "माझे हात वाळूत गेले, तुझे वहीतच राहू देत," असं म्हणून त्याने तिला शिकवलं. आता तो भट्टीवरचा सर्वांत जुना माणूस होता. उष्णता मोजायचं यंत्र आलं होतं, पण दादा वितळलेल्या बिडाचा रंग बघूनच ओतायचा आणि त्याला कुणी टोकत नसे.

एका सोमवारी सामानाच्या लिफ्टसाठी केलेल्या सहा कप्प्या तपासायला आल्या. पहिली काट्यावर ठेवली. तीन हजार सहाशे ग्रॅम, हवं तेवढंच.

"वजन भरलंय ना ताई? मग सोडा," फोरमन म्हणाला.

तिने कप्पी पाण्यात सोडली. पाचशे मिलिलिटर पाणी सांडायला हवं होतं, सांडलं पाचशे बावीस. कप्पी पुसून तिने पुन्हा सोडली, मग तिसऱ्यांदा. पाणी तेवढंच. भागाकार सहा पूर्णांक नऊवर येऊन थांबला. साचा फुगून कप्पी मोठी झाली होती, म्हणून वजन भरलं होतं. पण आत पोकळ जागा होती. सहापैकी चार कप्प्या तशाच निघाल्या. चारींच्या आसाजवळ दोन ठिपक्यांची खूण होती. ती खूण दादाची.

जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्यापाशी गेली.

"दादा, चार कप्प्या पोकळ निघाल्यात."

"कुणाच्या?"

"तुझ्या."

दादा हसला. "अगं, तुझं पाणी चुकलं असेल."

"तीनदा बघितलं."

दादाचं हसू विरलं. "मग घाल एक करवतीखाली. सगळ्यांसमोर घाल."

कप्पी कापली. आसाजवळ अंगठा मावेल एवढं भोक होतं. दादा पुढे झाला आणि कापलेल्या तोंडावरून हात फिरवू लागला. भोक डोळ्यांसमोर होतं, पण त्याची बोटं भलतीकडेच चाचपडत होती. तिने त्याला हाताला धरून बाजूला नेलं.

"दादा, तुला दिसत नाही?"

"उजव्याने नाही. डाव्याने सगळं धुरकट."

"कधीपासून?"

"सहा-सात महिने झाले असतील. वहिनीला सांगू नकोस, ती मला घरी बसवेल."

रंग दिसत नव्हता, म्हणून बीड पुरेसं तापायच्या आधीच ओतलं जात होतं. वाळूची ओलही रंगावरून त्याला कळली नव्हती. तिला रडू येत होतं, पण त्याआधी दुसरीच गोष्ट आठवली.

"गेल्या महिन्यात तुझ्या बारा कप्प्या बाहेर गेल्यात, दादा. मागणी घाईची होती. मी नुसतं वजन बघून सोडल्या."

"गेल्या त्या गेल्या," मागून आलेला फोरमन पुटपुटला. "उगाच बोभाटा कशाला?"

दादाने मान वर केली. "त्यांच्याखाली माणसं उभी असतात," तो म्हणाला. "मी येतो काढायला."

मालकांना सांगून ती दोघं दुसऱ्या दिवशी निघाली. बारा कप्प्या तीन गोदामांत बसवल्या होत्या. दादा शिडीवर चढायचा आणि बोटांनी दोन ठिपके शोधून "हीच" म्हणायचा. तिसऱ्या गोदामात लिफ्ट चालूच होती, वर पोत्यांचा ढीग लटकत होता. मुकादम म्हणाला, एवढा माल उतरू द्या, मग बघू. दादा तडक लिफ्टच्या खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. "आधी माणसं लांब करा. तोवर मी हलणार नाही." त्याचा आवाज इतका चढला की सगळे मागे सरले. माल हळूहळू खाली घेतला, कप्पी उतरवली. आसापासून कडेपर्यंत केसाएवढी चीर गेली होती.

परत आणून पाण्यात घातल्यावर बारापैकी पाच पोकळ निघाल्या. चीर पडलेली सहा पूर्णांक सात भरली. ताईची लेखणी वहीवर अडून राहिली.

"लिही," शेजारी बसलेला दादा म्हणाला. "ओतणाऱ्याचं नावही लिही."

तिने लिहिलं. कप्प्या वजन न बघता सोडल्या नव्हत्या, पण तिने त्या पाण्यात घातल्या नव्हत्या, म्हणून खाली स्वतःचंही नाव लिहिलं.

त्या दिवसानंतर दादा भट्टीवर गेला नाही. वहिनीने त्याला दवाखान्यात नेलं. ताई भेटायला गेली की तो हं, बरं, एवढंच बोलायचा आणि कूस बदलायचा. माझ्याच हातून हे सगळ्यांसमोर यायला नको होतं, असं तिला कितीदा वाटलं. पण दुसरं काय करता आलं असतं, हेही तिला सुचत नव्हतं.

उजवा डोळा गेलाच. डाव्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाल्यावर आठवड्याभराने तो सकाळीच तिच्या दारात उभा राहिला. आत न येता नुसता तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "केस किती पिकले गं तुझे. मला कुणी सांगितलंच नाही."

तिने त्याला हाताला धरून आत आणलं आणि चहाचं आधण ठेवलं.