मंदाताईंनी मोजलेल्या गाठी

हिंदी मुलखातल्या मुरारच्या एका दवाखान्यात मंदाताई मोहिते एकोणीस वर्षं क्षयाच्या रुग्णांना गोळ्या देत होत्या. फुप्फुसाचा क्षय थुंकीवरून कळतो. मानेतल्या गाठीचा मात्र फसवा. औषध लागू पडतंय की नाही, हे ओळखायचं कसं? म्हणून त्यांनी नया बाजारातून सराफ वापरतात तसा मोजमापाचा चिमटा आणला. दर पंधरवड्याला प्रत्येकाची गाठ मोजायची, वजन करायचं, ताप, भूक विचारायची आणि वहीत लिहायचं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गरिमा शिंदे पोलीस भरतीची तयारी करत होती. उपचाराच्या तिसऱ्या महिन्यात तिची बोराएवढी गाठ लिंबाएवढी झाली. ती रडकुंडीला आली.

"ताई, दवा असर ही नहीं कर रही! आई म्हणते, बंद कर."

"वजन?"

"चार किलो वाढलं."

"ताप?"

"महिनाभर नाही."

मंदाताईंनी जुन्या वह्या उघडल्या. "हे बघ. अशा सतरा जणांच्या गाठी मध्येच फुगल्या होत्या. वजन वाढत होतं, ताप गेला होता. पंधरा जण याच गोळ्यांनी बरे झाले. एक दिवससुद्धा चुकवू नकोस."

"आणि उरलेले दोन?" नवे डॉक्टर अंबरीश पागनीस दारातून म्हणाले.

"त्यांना या गोळ्या लागू पडल्या नाहीत. हिचं तसं नाही ना, त्यासाठीच तपासणी करा, साहेब. मीही तेच म्हणणार होते."

गाठीतला पू तपासायला गेला. गरिमा रोज गोळ्या घेत राहिली. सहा आठवड्यांनी अहवाल आला: एकही जिवंत जंतू नाही. मेलेल्या जंतूंवरच शरीर चवताळलं होतं, म्हणून गाठ फुगली होती. सहाव्या महिन्याअखेर गाठ हाताला लागेना, आणि त्या हिवाळ्यात गरिमा भरतीची दौड पास झाली.

पागनीसांनी सगळ्या वह्या मागून घेतल्या. दोघांनी वर्षभर बसून दोनशे बारा रुग्णांच्या नोंदी जुळवल्या. दुसऱ्या महिन्यातल्या वजन-तापावरून पुढचा अंदाज बराचसा बांधता येत होता. नुसत्या गाठीवरून नाही.

डॉक्टरांच्या सभेत पागनीस म्हणाले, "हे काम मंदाताईंचं आहे," आणि त्यांनाच मंचावर बोलावलं.

"गाठ वाढली तर घाबरायचं नाही?" एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं.

"घाबरायचं नाही, तपासायचं. आणि आधी पेशंटला वजनकाट्यावर उभं करायचं."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. ते ज्येष्ठ डॉक्टर स्वतः उभे राहिले, मागोमाग सगळे. मंदाताईंनी पदर सावरला, माईक जवळ ओढला आणि म्हणाल्या, "बसा, बसा. अजून विचारा."