वन्संचा पिवळा दिवा

मंडईतून आणलेली मेथी निवडत होते, तेव्हा ह्यांचा दवाखान्यातून फोन आला. "ताई गेली," एवढंच म्हणाले. मेथी तशीच पुढ्यात राहिली... वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. लग्न केलं नाही, कोथरूडच्या या घरात आमच्याबरोबरच राहिल्या. मी चौथी शिकलेली. त्यांचं काम मला कळलं ते एवढंच, की आपली आपण चालणाऱ्या यंत्रांवर माणसानं भरवसा कधी ठेवावा, हे त्या शोधत.

एकदा त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं. मुलं एक छोटी गाडी कौतुकानं चालवून दाखवत होती. वन्संनी मधेच तिची एक वायर उपसली. गाडी तशीच जाऊन भिंतीला धडकली. "मॅडम, वायर तुम्हीच काढलीत," एक मुलगी कुरकुरली. "उद्या उंदीर कुरतडेल. त्यालाही हेच ऐकवणार का? बिघडली त्याचं काही नाही. बिघडल्यावर थांबली का नाही, कुणाला सांगितलं का नाही?" पुढे बऱ्याच महिन्यांनी त्या पेढे घेऊन घरी आल्या. वायर काढल्यावर गाडी जागच्या जागी थांबली होती आणि तिनं पिवळा दिवा लावला होता.

त्याच सुमारास त्यांच्याकडे कॉलेजातली मंडळी आली होती. चहा टाकला आणि गॅस संपला. बाहेर एवढी शिकलेली माणसं, जाऊन सांगायचा मला धीर होईना. गार पातेल्यापाशी नुसती उभी राहिले. शेवटी वन्संच आत आल्या. "अगं कमल, गॅस संपायचाच. तू गप्प का बसलीस?" मी म्हटलं, "लाज वाटली." त्या रागावल्या नाहीत, विचारात पडल्या... रविवारी त्यांनी आपल्या खोलीत पिवळा दिवा बसवला आणि त्याचं बटण माझ्या ओट्याशी. "अडलीस की दाब. बोलायला नको." मग पाहुण्यांसमोर मी बटण दाबलं, की त्या उठून आत यायच्या. "कमल, माझा चष्मा इकडे राहिलाय का गं?" चष्मा नाकावरच असायचा.

गेल्या आठवड्यात कॉलेजात त्यांची शोकसभा झाली. घरच्या कुणी दोन शब्द बोलावेत म्हणाले. ह्यांना उठवेना. घरचं कुणीच बोललं नाही तर वन्सं नुसत्या मॅडमच राहतील, असं वाटलं आणि मी उठले. "वन्सं..." म्हटलं आणि पुढचं काही येईना. हात टेबलाची कड चाचपत होता. मग तोंडातून निघालं, "मी अडलेय. जरा थांबा." कुणी हसलं नाही. ती कुरकुरणारी मुलगी पुढेच बसली होती, आता स्वतः शिकवते. "सावकाश, काकू. थांबतो आम्ही," म्हणाली. मग मी गॅसचं सांगितलं, चष्म्याचं सांगितलं.

वन्संच्या खोलीत आता संध्याकाळचे हे वाचत बसतात. काल चहा टाकताना माझा हात बटणावर गेला. अडलं काहीच नव्हतं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "कमल, माझा चष्मा इकडे राहिलाय का गं?"

चष्मा नाकावरच होता.