पदराबाहेरची साखळी

सौंसरच्या बसस्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. बाबांनी तो थाटला, आता मी चालवते. पूर्वी आरशाशेजारच्या खिळ्याला एक नकली सोन्याची साखळी कायम टांगलेली असायची. लोधीखेड्याहून, आजूबाजूच्या खेड्यांतून लोक लग्नासाठी दाखवायचा फोटो काढायला येत आणि ती गळ्यात घालत. बाबा ती कॉलरच्या वर नीट काढत, मगच बटण दाबत. आता त्यासाठी कोणी येत नाही. मोबाइलमधला फोटो घेऊन येतात, बहुतेकदा वारलेल्या माणसाचा, आणि म्हणतात, "याले कोट घालून दे, गळ्यात एक साखळी टाक." मी कॉम्प्युटरवर टाकून देते. जन्मभर उघड्या अंगाने शेतात राबलेले कितीतरी म्हातारे मेल्यावर माझ्या हातून सोन्याने मढले आहेत.

बाबा गेले त्याला आता तीन वर्षं होतील. दहाव्याला बायकांनी आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढलं. काळी पोत तोडली, आणि सोन्याच्या दोन वाट्या आणि मणी माझ्या मोठ्या काकूने रुमालात बांधून आईच्या हातात दिले. "पोरीच्या लग्नाले होतील," ती म्हणाली. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि मला लग्न करायचं नाही, हे साऱ्या घराला ठाऊक होतं. आईने रुमाल घेतला आणि कमरेला खोचला.

सहा-सात महिने ती स्टुडिओत माझ्याबरोबर बसत राहिली. पासपोर्टचे फोटो कापायची, लिफाफ्यात भरायची. मग कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा एका सकाळी म्हणाली, "चाल, पांढुर्ण्याले जाऊ."

"कायले?"

"सोनाराकडे."

पांढुर्ण्यात एक म्हातारे सोनार अजून हाताने साखळ्या करतात. आईने रुमाल सोडला. वाट्या आणि मण्यांबरोबर तिने स्वतःचे कानातले ठेवले, तिच्या आईने दिलेले.

"कोणासाठी करायची? मुलीसाठी?" सोनारांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

त्यांची नजर तिच्या मोकळ्या कपाळावर गेली. "ताई, मंगळसूत्र मोडून साखळी कराले बाया येतात. पण सुनेसाठी, नातीसाठी."

"मंग मी पहिली समजा."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "लांबी किती ठेवू?"

"पदराखाली लपली नाही पाहिजे एवढी."

त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत तिथेच बसलो. त्यांनी सोनं आटवलं आणि पोलादी पट्टीच्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढून त्याची तार केली. ती एका सळईवर गुंडाळली, कात्रीने कापली, तशा कड्या सुट्या होऊन पडल्या. मग एका कडीत दुसरी अडकवायची, चिमट्याने तोंड जुळवायचं, फुंकणीने ज्योत वळवून डाग द्यायचा. मी फोटो काढत होते. कडी जुळली की कुठे जुळली ते दिसत नव्हतं. आई इतकी जवळ वाकून पाहत होती, की सोनारांना दोनदा सांगावं लागलं, "ताई, मागं सरका, भाजेल."

पुढच्या आठवड्यात साखळी हाती आली. आईने ती दुकानातच घातली आणि बसमध्ये खिडकीशी बसून घरी आली.

सौंसरात कुजबुज झाली, पण तोंडावर कोणी बोललं नाही. बोलणं आलं ते उन्हाळ्यात, मोठेबाबांच्या, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाच्या मुलीच्या लग्नात. ते आणि मोठी काकू पांढुर्ण्याला राहतात. लग्नाचे फोटो मीच काढत होते. घरच्या लोकांचा एकत्र फोटो घ्यायची वेळ आली तेव्हा मोठेबाबा आईजवळ येऊन हळूच म्हणाले, "पदर थोडा वर घे."

"गरम होऊन राहिलं, भाऊजी," आई म्हणाली आणि नवरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आठ दिवसांनी मोठेबाबा फोटो निवडायला स्टुडिओत आले. स्क्रीनवरच्या आईच्या गळ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे काढून टाक. मेलेल्याले साखळी घालून देते तू, हिची काढता नाही येणार काय? पाहुण्यांच्या घरी हा अल्बम जाईल."

मी "पाहते" म्हणाले. मोठेबाबा वाईट माणूस नाहीत. बाबांना नागपूरला दवाखान्यात नेलं तेव्हा वीस दिवस ते खाली सतरंजीवर झोपले होते. तेच डोक्यात ठेवून मी बसले आणि साखळी पुसली. पाच मिनिटांचं काम. मागून आई चहा घेऊन आली, तेव्हा स्क्रीनवर तिचा उघडा गळा होता.

"ही कोण?" तिने विचारलं.

"तूच ना."

तिने कप टेबलावर ठेवला. "तुह्या बाबाचा फोटो लावला तवा तू त्याले काही घातलं नाही, काही काढलं नाही. होता तसा लावला. अन मी तर जिवंत आहो."

मी खुर्ची मागे सरकवली. ती म्हणाली, "मले पुसायचं असन तर पुरी पूस. नाहीतर आहे तशी राहू दे."

मी साखळी परत आणली. तिच्यासमोरच मोठेबाबांना फोन लावला. "मोठेबाबा, मी ते काढणार नाही."

"मंग अल्बम तुह्याजवळच ठेव," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी अल्बम पूर्ण केला. तेवढ्यावर थांबले नाही. त्या फोटोतली एकटी आई मोठी करून छापली आणि बसस्टँडकडे तोंड असलेल्या काचेत लावली, जिथे आम्ही नवरीमुलींचे फोटो लावतो.

पावसाळ्यात मोठेबाबा तहसीलच्या कामाला सौंसरला आले. काचेतला फोटो पाहून सरळ आत शिरले. काउंटरवर आई होती.

"लोक काय म्हणत असतील?"

"विचारतात ना. मी सांगतो, मंगळसूत्राची केली," आई म्हणाली. "तुमाले कोणी विचारलं तर माह्याकडे पाठवा."

त्यांनी पाणीही घेतलं नाही.

दिवाळीत त्यांची तीच मुलगी नागपूरच्या सासरहून स्टुडिओत आली. तिने अल्बम पान-पान उलटून पाहिला, घरच्यांच्या फोटोपाशी थांबली. "काकू मस्त दिसून राहिली," म्हणाली आणि अल्बम आपल्या पिशवीत घातला. "बाबांचं मी पाहून घेते."

यंदाच्या पोळ्याला मोठेबाबांच्या घरून बोलावणं नव्हतं. "बोलावणं कायले पाहिजे? माह्या नवऱ्याचं घर आहे," म्हणत आई निघाली. मी बरोबर गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारायची गोटमार असते, त्यासाठी रस्त्याकडेला दगड रचून ठेवले होते. अंगणात बैल सजवून उभे होते. मोठी काकू चहा घेऊन ओसरीवर आली, आईशेजारी टेकली आणि इकडेतिकडे पाहून तिने त्या साखळीला बोट लावलं.

"सुरुवातीले कसं वाटलं वं तुले?"

"दोन दिवस मान अवघडली," आई म्हणाली. "मंग नाही."

मोठेबाबा बाहेर आले, दूर खुर्ची घेऊन बसले आणि स्टुडिओचं छत गळते का, ते मला विचारू लागले. आईकडे त्यांनी पाहिलं नाही. तिने चहा सावकाश संपवला, बैलांना ओवाळलं, मग त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"येतो आम्ही, भाऊजी."

ती हलली नाही.

"हं," मोठेबाबा म्हणाले. "सांभाळून जा. उद्या गोटमार आहे, आज गाड्या लवकर बंद होतात."