चार दिवसांचं खोटं

वनमाला मेस्त्री खोटं बोलली ती सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, भांडुपच्या घरात स्वतःचा डबा भरता भरता. फोनवर ती जिथे कामाला जायची त्या मुलुंडच्या घरच्या सुनंदाकाकू होत्या. आज घरी अभिषेक आहे, अकराला गुरुजी येणार, तू आठच्या आधीच ये, असं सगळं सांगून झाल्यावर त्या जरा थांबल्या आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुला अडचण नाही ना काही?"

"नाही काकू," वनमाला म्हणाली.

तिची पाळी आदल्या दुपारीच आली होती.

या गोष्टीला तिच्या आयुष्यात तीन नावं होती. गावाकडे आई 'भायर' म्हणायची, कारण त्या दिवसांत बाई खरोखरच बाहेर, पडवीत असायची. सुनंदाकाकू 'अडचण' म्हणायच्या. आणि तिची कॉलेजात जाणारी लेक श्वेता बापासमोरही 'पिरियड' असं मोकळेपणाने म्हणून टाकायची आणि देवासमोरची अगरबत्तीही लावायची. वनमालाला तिन्ही शब्द कळत होते, पण तिच्या मनाला पटलेला शब्द आईचाच होता. घरातल्या फळीवरच्या देवांना ती अजूनही चार दिवस हात लावत नसे.  म्हणूनच फोन ठेवल्यावर ती फळीपासून चार हात लांब उभी राहिली आणि आपल्या मालवणीत पुटपुटली, "देवा म्हाराजा, चूक झाली असात तर ती माझी. काय ता माझ्यार घाल, त्येंच्यार नको."

'ते' म्हणजे मार्तंड खांबेटे, सुनंदाकाकूंचे यजमान. वय शहात्तर. नोकरीभर त्यांनी एका सरकारी कचेरीत परिपत्रकांचं मराठी तपासलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लग्नाची पत्रिकासुद्धा दुरुस्त करून परत पाठवणारा माणूस. सात महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलण्याची सगळी घडी विस्कटली. स्तोत्रं येत, एकोणतीसचा पाढा न अडखळता येई; पण पाणी हवं असलं तर तोंडातून 'मंजुरी' असा शब्द निघे. उशीला ते 'मसुदा' म्हणत. कूस बदलायची असली की 'तहकूब'. शब्द शुद्ध, उच्चार स्वच्छ, फक्त प्रत्येक शब्द भलत्याच वस्तूला जाऊन चिकटलेला. समोरच्याला कळलं नाही की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, मग संताप, मग तोंड घट्ट मिटून घेणं. तोंड मिटलं की अन्नही बंद.

वनमाला आजाऱ्यांच्या देखभालीसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून आली तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी तिलाही असंच परतवलं होतं. ती त्यांच्याशी जपून, पुस्तकी बोलायची. एका दुपारी दमून तिच्या तोंडून निघून गेलं, "काय व्हया तुमका?" काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "व्हया." व्हया, म्हणजे हवं; तो झटक्यानंतरचा त्यांचा पहिला बरोबर शब्द होता. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी मालवणीतच बोलू लागली आणि त्यांचे शब्द एकेक करून शिकत गेली. सुनंदाकाकूंना ते फारसं रुचलं नव्हतं, पण नवरा जेवतोय म्हटल्यावर त्या गप्प बसल्या.

त्या घराचे नियम वनमालाला पाठ होते. आल्यावर पाय धुवायचे, बाहेरचे कपडे गॅलरीतल्या खुंटीला लावायचे. तिचा कप वेगळा, गॅलरीतल्या कोनाड्यात. त्याला काकू 'इन्फेक्शन' म्हणत. करोनाने तो शब्द सगळ्यांच्या हाताशी आणून ठेवला होता, पण वेगळा कप त्या घरात कामाच्या बायकांसाठी त्याआधीपासूनच असणार, हे सांगायला वनमालाला कुणाची गरज नव्हती. काकांची शी-शू ती काढायची, त्यांना अंघोळ घालायची, पाठीला पावडर लावायची. त्यावर साबण होता, डेटॉल होतं. चार दिवसांवर मात्र साबण चालत नव्हता.

गेल्या महिन्यात ती खरं बोलली होती. काकूंनी ब्युरोला फोन करून चार दिवसांसाठी दुसरी बाई मागवली. ती बाई वाईट नव्हती. पण काका 'तहकूब' म्हणत राहिले आणि ती 'हो आजोबा, हो' म्हणत राहिली. पाचव्या दिवशी वनमालाने त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडापाशी रुपयाएवढी कातडी गेलेली होती. ती जखम भरायला तीन आठवडे लागले. म्हणून हे खोटं.

आठला दहा मिनिटं कमी असताना ती पोचली. ओजस, खांबेट्यांचा मुलगा, रजा घेऊन घरी होता. वडिलांच्या जागी अभिषेकाला तोच बसणार होता. नवरा वाचू दे म्हणून काकूंनी हॉस्पिटलच्या बाकावर बसून हा नवस बोलला होता. घर पहाटेपासून धुतलेलं, हॉलमध्ये पाट मांडलेले, काकू सोवळ्यात, ओलं करून वाळवलेल्या लुगड्यात. वनमाला शक्य तितकी आतल्या खोलीत राहिली. तिने काकांचं अंग पुसून कपडे बदलले, लघवीच्या नळीला जोडलेली पिशवी ओतली, पेज भरवली. पूर्ण अंघोळ अभिषेक झाल्यावर, असं ठरलं होतं. बाथरूमला जाताना ती भिंतीला धरून जायची, हॉलमधल्या कशाला पदर लागू नये म्हणून. प्रत्येक वेळी तिला वाटे, आपल्या कपाळावर लिहिलेलं आहे.

साडेदहाला काकूंची धांदल उडाली. एका हातात पंचामृताची वाटी, दुसऱ्या हातात बेलाची परडी, आणि दारातून जाणारी वनमाला. "अगं, हात धुतलेस ना? मग तेवढं ते नैवेद्याचं ताट पुढे सरकव."

ताट तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. वनमालाने हात पुढे केला. जीभ खोटं बोलली होती, हाताला ते जमलं नाही. ताटाच्या काठापासून वीतभर अलीकडे तो थांबला आणि मागे आला. तिने तो पाठीमागे लपवला, लहान मूल लपवतं तसा.

काकूंनी पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. वाटी आणि परडी खाली ठेवली, वनमालाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"आणि तू सकाळपासून घरभर फिरतेयस."

वनमालाने काही सांगायचा प्रयत्न केला, पण काकूंनी हात वर करून तिला थांबवलं. गुरुजी लिफ्टमध्ये असतील, आता शब्दही नको, तू जा, असं त्या अगदी हळू म्हणाल्या. ओजस मध्ये पडला. बाबांच्या खोलीत तरी बसू दे तिला, दार लावून घेऊ.  नवसाच्या दिवशी हे झालं आणि उद्या ह्यांना काही झालं तर ते कुणाच्या माथी, एवढंच काकूंनी विचारलं.  सकाळपासून वनमालाही स्वतःला हेच विचारत होती.

तिने कपडे बदलले आणि ती खाली उतरली. घरी जावं तर श्वेता विचारणार. ब्युरोला कळवावं तर काय सांगून कळवणार. ती जवळच्या बागेत जाऊन एका बाकावर बसली. समोर दोन म्हातारे गुजरातीत कुठल्याशा लग्नाविषयी बोलत होते. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेअकराला काकांना पाणी द्यायचं असतं. बाराला कूस बदलायची असते. खोलीत आता कोण असेल?

खोलीत कुणीच नव्हतं. ओजसने बाबा पडू नयेत म्हणून पलंगाचा लोखंडी कठडा लावून घेतला होता आणि तो पूजेला बसला होता.

सव्वाबाराला फोन वाजला. सुनंदाकाकू.

"ते 'दार' म्हणतायत," त्या म्हणाल्या. "मघापासून सारखं दार, दार. दार उघडलं, लावलं, खिडकी उघडली. तरी तेच. काय म्हणायचंय त्यांना?"

वनमाला उभी राहिली. 'दार' हा शब्द तिनेही त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मागून मंत्रांचा आवाज येत होता, आणि त्याच्याही मागे काकांचा, घोगरा, एकाच शब्दावर अडकलेला.

"घाम आलाय का त्यांना?"

"हो. कपाळावर. चेहरा लाल झालाय."

"बेंबीच्या खाली हात लावून बघा काकू. कसं लागतंय?"



"मी सोवळ्यात आहे," काकू म्हणाल्या.

 वनमालाच्या ओठांवर आलं होतं पुष्कळ. ती बागेच्या फाटकाकडे चालू लागली होती आणि कानाशी फोन घट्ट धरून वाट बघत होती. गुरुजींचा आवाज एका लयीत चालूच होता. मग बांगड्या वाजल्या.

"घट्ट आहे. दगडासारखं."

"पिशवीत किती आहे?"

"तळाशी जरासं. बाकी रिकामीच आहे."

 साडेनऊला वनमालाने ती पिशवी स्वतः ओतली होती. जवळजवळ तीन तास. "नळी हातात धरा," ती म्हणाली. "मांडीपासून सुरुवात करा आणि बोटांनी चाचपत खाली या. ओढू नका. कुठे दबलीय, मुडपलीय ते बघा."

"कळत नाही गं मला."

"कळेल. हळू या खाली."

श्वासांचा आवाज. एकदा काका जोरात कण्हले आणि काकूंनी 'थांबा हो, थांबा' म्हटलं. मग त्या एकदम बोलल्या, "कठड्यात. कठड्याच्या खाली चेपलीय."

"आधी कठडा काढा. नळीला हात नको. ओजसदादाला बोलवा."

"तो मध्यावर उठला तर..."

"काकू, बोलवा."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मंत्र थांबले. पावलं, लोखंडाची करकर, ओजसचं काहीतरी बोलणं. वनमाला तोवर धावतच सोसायटीच्या फाटकाशी आली होती. आणि मग काकूंचा आवाज, रडण्याच्या अगदी काठावरचा: "आलं. पिशवीत येतंय."

ती वर पोचली तेव्हा काका डोळे मिटून पडले होते आणि ओठ हलत होते, पण आता शब्द नव्हता. तिने पाय धुतले. दारात क्षणभर अडखळली, मग कुणाकडे न पाहता थेट खोलीत गेली. पोट मऊ झालं होतं. कठडा काढून भिंतीशी उभा केलेला होता; तेच त्यांचं 'दार' असावं. पिशवीतल्या लघवीत थोडी लाली होती, म्हणून तिने ओजसला डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. हॉलमध्ये गुरुजी पाटावर तसेच बसून होते. स्नान करून या दोघं, मी थांबतो, एवढंच ते म्हणाले.

काकू मात्र लगेच गेल्या नाहीत. खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, सोवळ्याचं लुगडं एका बाजूला ओलं झालेलं.

"तू खोटं का बोललीस माझ्याशी?"

"गेल्या महिन्यात खरं बोलले होते काकू," वनमाला म्हणाली. तिचा आवाज वर चढला नाही. "पाठीची जखम आठवते ना?"

काकूंनी मान वळवून काकांकडे पाहिलं. "माझ्या आईने मला या दिवसांत गोठ्यात झोपवलेलं आहे," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात. मी कधी विचारलं नाही का म्हणून. आता या वयात मी काय खरं मानू, सांग."

"मला काय माहीत. मीपण पाळते घरी."

काकूंनी दचकून तिच्याकडे पाहिलं. हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावं. त्या आणखी काही विचारणार होत्या, पण गुरुजींनी खाकरून वेळेची आठवण दिली आणि त्या अंघोळीला गेल्या. अभिषेक दोन वाजता पूर्ण झाला. वनमाला खोलीचं दार लावून आत बसली. डॉक्टर येऊन गेले, औषध बदललं, दोन दिवस ताप राहिला. त्या दोन दिवसांत काकू तिच्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि वनमालाला रात्री झोप लागली नाही. तापाचं कारण तुंबलेली लघवी, हे तिला ठाऊक होतं आणि तरीही तिचं मन त्या नैवेद्याच्या ताटाभोवतीच फिरत होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर तिने श्वेताला सगळं सांगितलं होतं. पोरगी भडकली. त्यांनी हाकलून दिलं आणि तू एका फोनवर परत गेलीस, तुला काही वाटतं की नाही, असं बरंच काही ती बोलली. वनमालाने तिला बोलू दिलं. वाटत होतं ना, खूप वाटत होतं. पण ते श्वेताच्या भाषेत कसं सांगावं ते तिला सुचेना.

"त्येंची आंघोळ ऱ्हवली होती," ती शेवटी म्हणाली आणि भात लावायला उठली.

पुढच्या महिन्यापासून काकूंनी विचारणं सोडलं. एक दिवस देवघराला जाड पडदा लागलेला वनमालाला दिसला, आणि स्वयंपाकघरातून काही हवं असलं तर काकू स्वतःच आणून द्यायला लागल्या, महिन्याचे सगळेच दिवस, म्हणजे ते चार कुठले हे कळायची वेळच नको. कप मात्र गॅलरीतच राहिला. दुपारी काका झोपले की कधी कधी काकू खोलीत येऊन खुर्चीवर बसतात आणि विचारतात, आज कुठला नवा शब्द? वनमाला सांगते. त्या तो दोनदा मनाशी म्हणून बघतात.