अश्वजितचं बिननावाचं गाणं

जिथे जाईल तिथे आधी पाणी मागायचा. तहान नसली तरी. भर श्रावणात स्वेटर घालायचा आणि कोणी हसलं की बटणं गळ्यापर्यंत लावायचा. माइक तपासताना 'हॅलो, हॅलो' कधी म्हणाला नाही. 'माय, जेवली का?' म्हणायचा. पेटीला हात लावण्याआधी चप्पल काढायचा, मग ती पेटी दुकानात विकायला ठेवलेली का असेना. गाणी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचा. चाल सुचली की फोन करायचा, एक शब्द न बोलता गुणगुणायचा आणि ठेवून द्यायचा. बसमध्ये खिडकीची जागा दुसऱ्याला द्यायचा, कारण वारा लागला की त्याची हाडं दुखायची. चिडला की आवाज आणखी खाली जायचा.

हे सगळं मी भूतकाळात लिहितो आहे. सव्वा महिना झाला. अजून सवय नाही.

अश्वजित कोंढ्याचा, माझ्याच गावचा. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी आम्ही दोघे जन्मलो. त्याची आई धुरपतामावशी त्याचं वय तसंच सांगते, "जिल्हा फुटला तवाचा हाये." आम्ही पवनीला सोबत बी.ए. केलं, मराठी वाङ्मय घेऊन. मी पुस्तकात राहिलो. तो गायला लागला.

त्याला सिकलसेल होता. रक्ताचा हा आजार आमच्या भागात नवा नाही. थंडी, दमणूक, पाणी कमी पिणं, काहीही निमित्त पुरतं. सांधे असे दुखायचे की तो भिंतीला पाठ लावून दात दाबून बसायचा. डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलं होतं, थंड पाण्यात उभं राहायचं नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सगळं गाव चिखलात असायचं आणि हा बांधावर बसून रोपांच्या पेंढ्या मोजायचा.

कोणत्याही गायन पार्टीत तो गेला नाही. गाणी स्वतः लिहायची, चाल स्वतः लावायची, पेटी घेऊन एकट्याने जायचं. जयंती, नामकरण, धम्म परिषद. धम्मचक्र दिनापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत बोलावणी यायची. नंतर पाच महिने काही नाही. त्या पाच महिन्यांत तो सकाळी मोबाइलच्या दुकानात काचा चिकटवायचा आणि दुपारी गाणी करून द्यायचा. कोणाच्या मुलाच्या वाढदिवसाचं, शाळेच्या पंधरा ऑगस्टचं. एकदा एका मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचं गाणं आलं. त्याने मुख्याध्यापकांना काही विचारलं नाही. शाळेच्या शिपायाकडे, पुंडलिकरावांकडे, जाऊन बसला. गाण्यात आलं की सर रोज घंटेच्या आधी स्वतःच अंगण झाडायचे. निरोप समारंभात सर रडले. ही गोष्ट पुंडलिकरावांशिवाय कोणालाच माहीत नव्हती.

पण त्याचं खरं गाणं एकच होतं. मावशीचं. दर आषाढ-श्रावणात ती आमच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या धानाच्या बांधीत रोवणीला येते.

पायाले पाणी, कमरेले वाक,
लोकाच्या बांधीत हिरवं टाक.
पीक त्याच्या दारी, चिखल तिच्या घरी,
धुतला तरी उरते नखाच्या कोरी.

पहिल्यांदा त्याने ते मलाच म्हणून दाखवलं. मी म्हणालो, "ही बांधी आमची आहे."

"मग? बांधी तुमची हाये, चिखल आमचा हाये. खोटं लिवलं का?"

खोटं नव्हतं. मी म्हणालो, चांगलं झालं आहे.

आमच्याकडे गाण्याची एक रीत आहे. भीमगीत असो की भजन, शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं. नाव आलं की लोकांना कळतं, गाणं संपलं, आणि ते कोणाचं तेही कळतं. ज्या गाण्यात नाव नाही ते कोणीही उचलावं, आपलं नाव जोडून गावं. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. अश्वजितने बाकी सगळ्या गाण्यांत नाव घातलं होतं. या एका गाण्यात घातलं नाही.

"काहून?" मी विचारलं होतं.

"माय रोवते अन् शेवटी नाव माह्यं? मंग तुह्या बापात अन् माह्यात फरक का राहिला?"

तीन वर्षं तो ते तसंच गायला. मग या उन्हाळ्यात कोणीतरी त्याला व्हिडिओ पाठवला. नाकाडोंगरीचा कार्यक्रम. मंचावर चंद्रकुमार. तुमसरकडचा मोठा गायक, मागे सहा वाजवणारे. गाणं मावशीचं. शब्द तेच, चाल तीच. आणि शेवटी एक नवं कडवं, त्यात 'चंद्रकुमार सांगे'. लोक उठून टाळ्या वाजवत होते.

अश्वजितने व्हिडिओ दोनदा पाहिला. मग फार हळू म्हणाला, "फोन लाव त्याले."

मी स्पीकरवर लावला. चंद्रकुमारांनी सगळं ऐकून घेतलं. आवाजात राग नव्हता.

"बाबू, मले ते गाणं साकोलीच्या एका पोरानं आयकवलं. शेवटी धनीच नाही दिसला. म्या म्हटलं, इतकं चांगलं गाणं बेवारस काहून राहावं? देल्लं नाव."

"माह्यं हाये ते. माह्या मायचं हाये."

"असन. म्या कुठं नाही म्हणतो? नावासकट गाऊन दाखव, मोबाइलवर टाक, जगाले दिसू दे. मी त्या दिवसापासून तुह्यं नाव घेऊन गाईन. धम्मचक्र दिनापासून माहे कार्यक्रम सुरू होतात. तवापर्यंत थांबतो. पण बिगर नावाचं मी गात नाही, बाप्पा. लोक विचारतात."

फोन ठेवल्यावर अश्वजित म्हणाला, "बुढा बरोबर बोलून राहिला. चुकी माह्यीच हाये." मग बराच वेळ पत्रिकेच्या पाठीवर खाडाखोड करत बसला.

गाण्याचा व्हिडिओ करायचा ठरलं. तो म्हणाला, गाणं ज्या बांधीतलं आहे त्याच बांधीत करू, रोवणी चालू असताना, मागे माय दिसली पाहिजे. आम्ही दोघांनी बांधावर जाऊन वडिलांना विचारलं. लक्ष्मणराव म्हणजे माझे वडील कमी बोलतात, पण त्या दिवशी बोलले.

"माह्याच बांधीत मले शिव्या देणार का?"

"शिव्या नाहीत, काकाजी," अश्वजित म्हणाला. "तुमचं नावच नाही त्यात."

"तेच म्हणतो. बांधी माह्यी, अन् नाव नाही." रोवणाऱ्या बायका हसल्या. धुरपतामावशी रोवायचे परे हातात धरून तशीच वाकून हसत होती. वडील बांधावरून बाजूला झाले. म्हणाले, "कर बाप्पा. पण परे तुडवजो नको."

तो बांधावर उभा राहून गाणार होता. तसं ठरलं होतं. मी फोन धरला. बांधावर तो उंच दिसत होता आणि मावशी खाली, लांब. त्यालाच ते पटेना. त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि पाण्यात उतरला.

मावशी ओरडली, "ए अश्वजित, बाहेर निंग! तुले पाणी चालते का?"

"पाच मिनिटं, माय."

पाच मिनिटं झाली नाहीत. एकदा ट्रॅक्टरचा आवाज आला. एकदा ढग आले आणि चेहरा काळा पडला. एकदा माझंच बोट कॅमेऱ्यावर होतं. मग पावसाची सर आली. भिजलेल्या चेहऱ्याने तो जे गायला ते मी पुन्हा कधी ऐकणार नाही असं तेव्हाही वाटलं. तरी मी म्हणालो, "अजून एकदा घेऊ."

हे वाक्य माझं आहे.

शेवटच्या कडव्यापाशी तो थांबला. नाव कसं घ्यायचं ते ठरलंच नव्हतं. 'अश्वजित म्हणे' त्याला नको होतं. मी दोन-तीन ओळी सुचवल्या. तो म्हणाला, "अबे, हे पुस्तकातलं झालं." त्याचे ओठ निळसर झाले होते. "पुढचं उद्या घेऊ. तवरक लिवतो."

रात्री ताप आला. दुसऱ्या दिवशी पाठ आणि छाती. त्याला आम्ही भंडाऱ्याला नेलं. सलाइन, ऑक्सिजन, दोन बाटल्या रक्त. डॉक्टर म्हणाले, या आजारात छातीत असं कधीकधी होतं. मी विचारलं, पाण्यात उभं राहिल्याने झालं का? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून असं सांगितलं असेल, किंवा ते खरंही असेल. मी पुन्हा विचारलं नाही.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तो थोडा बरा होता. मास्क बाजूला करून म्हणाला, "सुचलं. माह्यं नावच नाही घ्यायचं. मायचं घ्यायचं. तिचा पोरगा म्हणून मी आलो म्हंजे झालं." मावशी उशाशी बसली होती. म्हणाली, "माह्यं नाव कायले? लोक हासतीन." तो म्हणाला, "हासू दे." मग माझ्याकडे पेन मागितला. बोटं वाकत नव्हती. औषधाच्या चिठ्ठीच्या मागे त्याने काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, दम लागते, थोडा झोपतो.

चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

त्याच्या जलदानविधीच्या दिवशी विहारात गाव जमलं. भंतेजींनी वंदना घेतली. त्यानंतर अशा वेळी कोणीतरी गाणं म्हणतं. कोणी उठलं नाही. आमच्या गावात ते काम अश्वजितचं होतं. मग जेवायला वाढलं.

मागच्या आठवड्यात चंद्रकुमारांचा फोन आला. त्यांना उशिरा कळलं होतं. म्हणाले, "ते कडवं पाठव मले. त्याच्या नावानं गातो. माह्यं काढून टाकतो." मी म्हणालो, कडवं झालं नाही. ते म्हणाले, "मंग?"

मावशीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तू शिकेल हायेस ना, विनोद. तूच पुरं करून दे."

मी तीन रात्री बसलो. अभ्यासलेलं सगळं आठवलं. यमकं जुळली. एकही ओळ त्याच्या तोंडी बसेना. मी कागद फाडले.

धम्मचक्र दिनाला आता सोळा दिवस आहेत. माझ्या फोनमध्ये त्याच्या गाण्याचे अकरा तुकडे आहेत. एकातही शेवटचं कडवं नाही. ती औषधाची चिठ्ठी माझ्याकडे आहे. अक्षर वाकडं आहे, पण लागतं.

'सांगे धुरपताचा पोर,'

स्वल्पविराम त्यानेच दिला आहे. पुढे कागद कोरा आहे.