इंगाचं सुतक

रंभाने कुंचला धुतला, फडक्यात गुंडाळला आणि ती पाटावरून उठली.

"मी आता मूर्तीला हात नाय लावायची," ती म्हणाली. "मला सुतक हाय."

चंद्रावतीबाईंच्या हातातलं पुस्तक तसंच उघडं राहिलं. सकाळपासून कारखान्यात कोणी निरोप घेऊन आलं नव्हतं.

"कोण गेलं गो?"

"कोण म्हंजे? आताच तू वाचलंस ना ताई? इंगा गेली."

चंद्रावतीबाईंना वाटलं, ही थट्टा करते आहे. पण रंभाचे डोळे लाल झाले होते. मागे मांडणीवर रंगून तयार झालेले, नुसती डोळ्यांची आखणी राहिलेले गणपती ओळीने बसले होते.

ही गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. चंद्रावतीबाई रोह्याजवळ वरशाला राहत. यजमान दत्तात्रेय कंपनीत शिफ्टला गेले, की त्या इंग्रजी कादंबऱ्या घेऊन बसत. त्याही इंग्रजांच्या नव्हेत, दूरदूरच्या भाषांतून इंग्रजीत आलेल्या. "परक्या बायकांच्या कटकटी, त्या पण उसन्या भाषेत! घरात आहेत त्या कमी पडतात काय?" असं दत्तात्रेय म्हणत. श्रावणात मात्र त्या माहेरी हमरापूरला येत. भाऊ पुंडलिक याचा तिथे गणपतींचा कारखाना होता. लहानपणी चंद्रावतीबाईंनी एका गणपतीचा पितांबर रंगवता रंगवता त्याचे पायही पिवळे करून टाकले होते. तेव्हापासून पुंडलिकाचा हुकूम होता, "चंद्रे, तू रंगाला हात लावू नको. तू आपली वाच."

मग त्या इंग्रजी ओळ मनात वाचत आणि मोठ्याने मराठीत सांगत. त्या वर्षी नॉर्वेची एक कादंबरी चालू होती. बेटावर राहणारी इंगा मासळीला मीठ लावून वाळवते, मिठाने तिचे हात फाटतात, एवढं ऐकलं आणि रंभाने मान वर केली. रंभाचं माहेर खाडीकाठचं, मिठागरातलं.

"ही तर माझी बहीण गो," ती म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने तांदूळ आणि नारळ आणून पुस्तकाची ओटी भरली. कारखान्यातल्या सगळ्या बाया हसल्या. चंद्रावतीबाईंनीही हसत हसत इंगाच्या वतीने ती पदरात घेतली. आणि आज होडी उलटून इंगा बुडाली होती.

"तेरावं पण घालशील काय गो रंभे?" शकू रंग कालवता कालवता म्हणाली.

रंभा हसली नाही. "ओटी भरली ती खोटी नव्हती. सुतकात देवाचे डोळे उघडायचे नायत."

पुंडलिक आतून धावतच आला. "अगो, उद्या मुंबईचा टेम्पो यायचाय! डोळे कोण आखणार, नॉर्वेचा राजा?"

त्या कारखान्यात डोळ्यांना हात फक्त रंभाचा होता. पुंडलिकाने बहिणीला दाराशी ओढलं. "चंद्रे, सांग तिला, वाचताना चूक झाली. पुढच्या पानावर ती जिवंत निघाली म्हणावं. तिला कुठं इंग्रजी येतंय?"

चंद्रावतीबाई वळल्या. रंभा त्यांच्याकडेच बघत होती. तिला खरंच इंग्रजी येत नव्हतं. पण त्यांना स्वतःला तरी नॉर्वेची भाषा कुठे येत होती? कोणा अनोळखी अनुवादकाने जे सांगितलं, त्यावर त्यांनीही असाच विश्वास टाकला होता. खोटं बोलायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं.

"गेली गो ती," त्या म्हणाल्या. "पण आज नाही गेली. पुस्तक लिहिलं त्याला शंभरावर वर्षं झाली. तिथल्या लोकांनी तेव्हाच रडून घेतलं. मग खबर इंग्रजीत आली, आणि माझ्याकडून तुला आज कळली. वर्ष उलटून खबर आली, तर आपल्यात काय करतात?"

"डोक्यावरून पाणी घ्यायचं नि मोकळं व्हायचं." मग रंभा एकदम म्हणाली, "शंभर वर्षं! आणि कोणी मला सांगितलं नाय?"



रंभा परसातल्या विहिरीवर गेली. चंद्रावतीबाई दोर ओढायला म्हणून मागे गेल्या. पहिली बादली डोक्यावर घेताना रंभा हुंदका देऊन रडली. चंद्रावतीबाई बघत राहिल्या. ही कादंबरी त्यांनी याआधी दोनदा वाचली होती. इंगा बुडते त्या पानावर पेन्सिलीने 'सुंदर वर्णन' असं लिहून ठेवलं होतं, आणि लिहून झाल्यावर उठून आमटीला फोडणी दिली होती. हे त्यांना आता आठवलं.

त्यांनी चष्मा काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवला.

"एक बादली माझ्यावर पण ओत."

"तुला कशाला गो ताई? तुला तर आधीपासून ठाऊक होतं."

"ठाऊक होतं," चंद्रावतीबाई खाली बसत म्हणाल्या. "आंघोळ राहिली होती."