एरंडेलाच्या वासाची गाडी

सून रोज माझ्या गुडघ्यांना एरंडेल चोळते, आणि त्या वासानं मला चामराजपेटेतली लाल मोटरसायकल आठवते. साठ सालानंतरची गोष्ट. दर रविवारी मी चिखलातल्या मोटरसायकलींच्या शर्यती बघायला जायचो, आणि तसली एखादी जुनी गाडी आपली असावी हे खूळ डोक्यात बसलं होतं. एका गॅरेजवाल्यानं ही लाल गाडी दाखवली. "शर्यत जिंकलेली आहे, अण्णा!" मी टाकीवर हात फिरवला, किक मारली, आवाज ऐकला आणि पुरता भुललो. बायकोनं मात्र पदर खोचला, वाकून धुराच्या नळीचा वास घेतला. "अहो, शर्यतीच्या इंजिनात एरंडेल घालतात असं तुम्हीच सांगता ना? दर सोमवारी तुमच्या सदऱ्याचा तो वास मीच धुऊन काढते. हिला कुठाय तो?" गॅरेजवाला ओशाळून हसला. "सरी, अक्का, खरंय तुमचं. दूधवाल्याची आहे." "मग दूधवाल्याची म्हणून घ्या," ती मला म्हणाली. घेतली. पुढं कितीतरी वर्षं ती माझ्या मागं बसली. तिला जाऊन वर्ष झालं. सदऱ्याला आता रोज एरंडेलाचा वास येतो, आणि नाक मुरडायला ती नाही.